रोस्किल्ड : वारसांच्या ओळीत एक दिवस

कोपनहेगनच्या मुख्य स्थानकावरून पश्चिमेकडे निघालेली गाडी अर्ध्या तासाच्या आत रोस्किल्डला पोहोचते. अंतर जेमतेम तीस किलोमीटर. जून महिना होता, त्यामुळे रात्री दहापर्यंत उजेड रेंगाळत असे आणि दिवस संपतच नाही असे वाटे. लेक नोकरीनिमित्त त्या शहरात राहते. "आई, तुला काय पाहायचे आहे?" असे तिने विचारले, तेव्हा मी म्हटले, "एकाच घराण्यातले राजे हजार वर्षे जिथे विसावले आहेत ती जागा." लग्नापूर्वी काही वर्षे मी शाळेत इतिहास शिकवला होता. वंशावळीचे तक्ते फळ्यावर काढताना त्या रेघा किती सरळ दिसत! प्रत्यक्षात त्या तशा असतात का, हे एकदा डोळ्यांनी पाहावे अशी फार दिवसांची इच्छा होती.

आणखी एक गोष्ट सांगून ठेवते. माझ्या पर्समध्ये त्या दिवशी एक पाकीट होते. यजमानांच्या पश्चात सांगलीचे दुकान आणि राहते घर मुलाच्या नावावर व्हावे म्हणून वकिलांनी तयार केलेला हक्कसोडपत्राचा मसुदा आणि लेकीच्या वतीने ते नोंदवण्यासाठी लागणारे कुलमुखत्यारपत्र त्यात होते. तिने दूतावासात जाऊन सही करायची, एवढेच काम. तीस वर्षांपूर्वी, माझे वडील गेल्यावर, मीही अशीच एक सही केली होती. त्यात काही विशेष आहे असे तेव्हा मला वाटले नव्हते, आणि इतरांनाही नव्हते.

स्थानकापासून गावाच्या मुख्य रस्त्याने चालत गेले की चौक लागतो आणि चौकापलीकडे कॅथेड्रल उभे राहते. राजांची समाधिभूमी म्हटल्यावर मी पांढऱ्या संगमरवराची कल्पना केली होती. पण ही इमारत आहे साध्या लाल विटांची. बिशप आब्सालोन यांच्या काळात, बाराव्या शतकाच्या उत्तरार्धात, तिचे बांधकाम सुरू झाले. त्यावेळी उत्तर युरोपात भाजलेली वीट हे नवेच साहित्य होते. पुढे प्रत्येक शतकाने आपापल्या शैलीचे एकेक चॅपेल तिला जोडले. पश्चिमेकडचे दोन निमुळते उंच कळस चौथ्या क्रिस्तियान राजाने सतराव्या शतकात चढवले. १९९५ मध्ये युनेस्कोने तिला जागतिक वारसास्थळाचा दर्जा दिला. सुमारे चाळीस राजे-राण्या येथे चिरनिद्रा घेत आहेत.

आत शिरल्यावर पहिल्याने नजर गेली ती उंचावरच्या जुन्या घड्याळाकडे. दर तासाला तिथला घोड्यावरचा योद्धा राक्षसी सर्पावर चाल करतो आणि तो सर्प खरोखर किंचाळतो. ते पाहायला शाळेतली मुले माना वर करून उभी होती. मुलांचे पाहून होईपर्यंत आम्हीही थांबलो आणि मग गाभाऱ्याकडे वळलो.

या घराण्याची गणती दहाव्या शतकातल्या वृद्ध गोर्मपासून करतात. त्याचा मुलगा हाराल्ड. याचे टोपणनाव 'निळ्या दाताचा', म्हणजेच ब्लूटूथ. आपल्या भ्रमणध्वनीतल्या ज्या सोयीने बिनतारेचे गाणे ऐकू येते, तिला याच राजाचे नाव दिलेले आहे, आणि तिची ती निळी खूण म्हणजे त्याच्या नावाची दोन आद्याक्षरे जुन्या रूनिक लिपीत जोडून केलेली आहे. हाराल्डने रोस्किल्डला लाकडी चर्च बांधले आणि तिथेच त्याला पुरले, असे जुना इतिवृत्तकार आडाम सांगतो. त्याची कबर मात्र सापडलेली नाही. गाभाऱ्यातल्या एका खांबावर त्याचे रंगवलेले चित्र तेवढे आहे.

शेजारच्या खांबांच्या कथेपाशी मी अधिक रेंगाळले. अकराव्या शतकात येथे स्वेन एस्ट्रिडसेन राजा होता. एस्ट्रिडसेन म्हणजे एस्ट्रिडचा मुलगा, आणि एस्ट्रिड ही त्याची आई. वडिलांचे नाव लावण्याची रीत असलेल्या देशात या राजाने आईचे नाव लावले, कारण राजरक्त तिच्याकडून आले होते. ती थोर राजा क्नूड याची बहीण. नाशिकच्या लेण्यांतला गौतमीपुत्र सातकर्णी मला आठवला. स्वेनच्या शेजारी दुसऱ्या एका खांबात एका स्त्रीच्या अस्थी आहेत आणि त्या याच एस्ट्रिडच्या, असे शतकानुशतके मानले गेले. २००३ मध्ये डीएनए तपासणी झाली आणि ती स्त्री स्वेनची आई असू शकत नाही असे निष्पन्न झाले. जिच्या नावावर मुलाने राज्य मिळवले, तिची खरी जागा आज कोणालाच ठाऊक नाही.

स्वेनच्या पाठोपाठ त्याचे पाच मुलगे एकामागून एक गादीवर आले. बापानंतर थोरला मुलगा हा नियम तेव्हा नव्हता. डेन्मार्कचा राजा निवडला जाई. निवड सहसा राजघराण्यातूनच होई. पण घराण्यातला कोण, हे सरदार आणि धर्माधिकारी ठरवत. पुढे १२८२ पासून राजाकडून एक वचननामा लिहून घेण्याची पद्धत पडली. त्यात राजाने काय करायचे आणि काय करायचे नाही याची कलमे असत. ज्याची सही नाही त्याला गादी नाही. आपण ज्याला वंशपरंपरा म्हणतो, ती तिथे जवळजवळ चारशे वर्षे निवडणुकीची परंपरा होती.

मुख्य वेदीच्या मागे, साऱ्या कॅथेड्रलच्या मानाच्या जागी, एका स्त्रीची समाधी आहे. अलाबास्टरची शुभ्र मूर्ती, हात जोडलेले. ही पहिली मार्ग्रेथ. राजा वाल्देमारची धाकटी लेक. दहाव्या वर्षी नॉर्वेच्या राजाशी विवाह. १३७५ मध्ये वडील वारले तेव्हा थोरल्या बहिणीचा मुलगाही गादीचा दावेदार होता. तरीही मार्ग्रेथने आपल्या पाच वर्षांच्या ओलुफची निवड घडवून आणली आणि त्याच्या नावाने कारभार पाहिला. १३८७ मध्ये ओलुफ सोळा-सतरा वर्षांचा असतानाच गेला. ज्याच्या नावाने ती राज्य करत होती तोच उरला नाही. तेव्हा डेन्मार्कच्या मुखत्यारांनी काय करावे? त्यांनी तिला राणी म्हटले नाही. 'सर्वाधिकारी स्वामिनी, घरधनी आणि साऱ्या राज्याची पालक' अशा अर्थाचे एक नवेच पद तिच्यासाठी तयार केले. 'घरधनी' हा शब्द पुरुषाचाच. तो त्यांनी एका स्त्रीला लावला, पण राज्य तिच्याच हाती दिले.

मग तिने वारस शोधला. पोमेरानियातून बहिणीच्या मुलीचा मुलगा आणला, दत्तक घेतला, त्याचे बोगिस्लाव हे नाव बदलून एरिक ठेवले. १३९७ मध्ये काल्मार येथे डेन्मार्क, नॉर्वे आणि स्वीडन ही तिन्ही राज्ये त्याच्या मुकुटाखाली एकत्र आली. कारभार मात्र १४१२ मध्ये जहाजावर तिचा अंत होईपर्यंत तिच्याच हाती राहिला. तिच्या समाधीपाशी उभी असताना लेक म्हणाली, "म्हणजे दत्तकाने हे घराणे वाचवले." मी म्हटले, "पुढे बघ, असे किती वेळा वाचवले आहे ते."

आणि खरोखरच तसे आहे. १४४८ मध्ये पुन्हा राजा निपुत्रिक वारला. राज्यमंडळाने श्लेस्विगच्या ड्यूकला विचारले. त्याने स्वतः नकार दिला आणि आपल्या बहिणीचा मुलगा सुचवला. तो ओल्डेनबोर्गचा क्रिस्तियान पहिला. आईकडून त्याचे जुन्या राजकुळाशी नाते पोहोचत होते. त्याने पूर्वीच्या राजाची विधवा डोरोथिया हिच्याशी लग्न केले. त्याने बांधलेल्या चॅपेलमध्ये मधोमध एक दगडी खांब आहे. त्यावर येऊन गेलेल्या राजेरजवाड्यांच्या उंचीच्या खुणा कोरल्या आहेत. आपल्या घरी दाराच्या चौकटीवर मुलांची उंची पेन्सिलीने मांडतात, अगदी तशा. रशियाचा महान पीटरही त्यात आहे. सर्वांत उंच खूण या पहिल्या क्रिस्तियानची, जवळजवळ २१९ सेंटिमीटर. पण त्याच्या अस्थी मोजल्या तेव्हा तो सुमारे १८८ सेंटिमीटरचा निघाला. पूर्वजांची उंची वारस थोडी वाढवूनच सांगतात. आपल्याकडेही याहून वेगळे घडते असे नाही.

यानंतरच्या राजांच्या नावांत एक गंमत आहे. १५१३ पासून १९७२ पर्यंत डेन्मार्कच्या गादीवर एक क्रिस्तियान, मग एक फ्रेडरिक, पुन्हा क्रिस्तियान, पुन्हा फ्रेडरिक, असा क्रम एकदाही चुकला नाही. तक्ता पाहणाऱ्याला वाटावे की माळेतले मणीच ओवले आहेत. पण पहिल्याच मण्यापाशी गाठ आहे. दुसऱ्या क्रिस्तियानला सरदारांनी १५२३ मध्ये पदच्युत केले आणि त्याच्या काकाला, पहिल्या फ्रेडरिकला, राजा निवडले. पुतण्या मरेपर्यंत नजरकैदेत राहिला. नावांची ओळ अखंड राहिली. माणसांची राहिली नाही.

चौथ्या क्रिस्तियानच्या चॅपेलमध्ये भिंतीवर मोठी चित्रे आहेत. याच राजाच्या काळात, १६२० मध्ये, तंजावरच्या रघुनाथ नायकाशी करार होऊन तरंगमबाडी येथे डेन्मार्कचे ठाणे उभे राहिले. पुढे तंजावर मराठ्यांकडे आले, तेव्हा त्या बंदराचा वार्षिक खंड भोसल्यांच्या दरबारी जमा होत असे. रोस्किल्डच्या विटांच्या भिंतीत तंजावरच्या मराठ्यांचे नाव मनात यावे, याचे मला नवल वाटले.

आदल्या दिवशी आम्ही कोपनहेगनच्या रोझेनबोर्ग वाड्यात राजमुकुट पाहिले होते. तिथे दोन मुकुट शेजारी शेजारी आहेत. एक चौथ्या क्रिस्तियानचा, वरून उघडा. दुसरा पाचव्या क्रिस्तियानचा, वरून कमानींनी बंद. पहिला निवडून आलेल्या राजाचा, दुसरा निरंकुश सत्ताधीशाचा. या दोन मुकुटांच्या मध्ये १६६० साल उभे आहे. स्वीडनशी झालेल्या युद्धात देश कंगाल झाला होता. कोपनहेगनने दीर्घ वेढा सोसला होता आणि सरदारवर्ग कराचा बोजा उचलायला तयार नव्हता. त्या वर्षीच्या शरद ऋतूत राजधानीत सभा भरली. व्यापारी, नागरिक आणि धर्मोपदेशक यांनी राजाची बाजू घेतली, शहराचे दरवाजे बंद झाले आणि सरदारांना मान तुकवावी लागली. तिसऱ्या फ्रेडरिकचा वचननामा रद्द झाला व राज्य वंशपरंपरागत ठरले. आम्ही आमचे स्वातंत्र्य देऊन टाकतो, असे प्रजेच्याच प्रतिनिधींनी सांगावे, हा इतिहासातला विलक्षण प्रसंग आहे.

१६६५ मध्ये राजाने 'राजकायदा' सही केला. त्याचा मसुदा मुख्यतः पेडर शुमाकर नावाच्या तरुण अधिकाऱ्याने लिहिला होता. राजाच्या वर फक्त परमेश्वर, असे तो स्वच्छ सांगतो. गादीचा क्रमही तो ठरवतो : आधी सर्व पुरुष शाखा, त्या संपल्याच तर स्त्रियांकडून येणारी शाखा. गंमत अशी की हा कायदा तिजोरीत बंद होता. पाच वर्षांनी नव्या राजाच्या वेळी तो बाहेर आला आणि १७०९ मध्ये छापला गेला. ज्या नियमाने सारा देश चालत होता तो चव्वेचाळीस वर्षे देशाला वाचायला मिळाला नव्हता. घरातले मृत्युपत्र कोणत्या कपाटात आहे हे मुलींना ठाऊक नसते, तसेच काहीसे.

पुढच्या दालनात सातव्या फ्रेडरिकची शवपेटी आहे. १८४८ च्या जानेवारीत तो गादीवर आला. त्याच वर्षी त्याने निरंकुश सत्ता सोडली आणि १८४९ च्या ५ जूनला देशाला राज्यघटना मिळाली. परंतु तीन विवाह होऊनही त्याला गादीचा वारस नव्हता. येथे मला एक क्षण थांबावे लागले, कारण १८४८ हे साल मराठी माणसाला वेगळ्या कारणाने आठवते. त्याच वर्षी साताऱ्याचे शहाजी राजे, म्हणजे अप्पासाहेब महाराज, निपुत्रिक वारले. मृत्यूपूर्वी त्यांनी दत्तक घेतला होता. डलहौसीने तो दत्तक अमान्य केला आणि छत्रपतींची सातारची गादी खालसा झाली. थोड्याच वर्षांत नागपूर आणि झाशी यांची तीच गत झाली.

आणि डेन्मार्कचे काय झाले? ज्या इंग्लंडला साताऱ्याचा वारस चालला नाही, त्याच इंग्लंडच्या राजधानीत १८५२ च्या मे महिन्यात युरोपातील बड्या सत्ता एकत्र बसल्या आणि निपुत्रिक फ्रेडरिकचा वारस म्हणून ग्लुक्सबोर्गच्या राजपुत्र क्रिस्तियानला त्यांनी मान्यता दिली. समुद्रमार्गांचा समतोल टिकावा म्हणून त्यांना डेन्मार्क अखंड हवा होता. साताऱ्याचा मुलूख कंपनीला हवा होता. वारस खरा की खोटा, हे रक्त ठरवत नाही. ते ठरवायला कोण बसले आहे आणि त्यांना काय हवे आहे, त्यावर बरेच अवलंबून असते.

या क्रिस्तियानला हक्क मिळाला कसा, ती हकीकत मला अधिक जवळची वाटली. तो पुरुष वंशाने तिसऱ्या क्रिस्तियानचा वंशज होता खरा, पण फार दूरचा. राजाची जवळची आप्त होती त्याची आत्या शार्लोट आणि तिची मुले. शार्लोटची कन्या लुईसे, म्हणजे राजाची आतेबहीण, ही या क्रिस्तियानची पत्नी. १८५१ मध्ये शार्लोटने, तिच्या मुलाने आणि इतर मुलींनी आपले हक्क लुईसेच्या बाजूने सोडले. आणि लुईसेने आपला हक्क नवऱ्याच्या बाजूने सोडला. हे वाचताना माझा हात नकळत पर्सवर गेला. एका कुटुंबाने लिहून दिलेली ती हक्कसोडपत्रेच होती! त्यातून जो नवा वारसा कायदा ३१ जुलै १८५३ रोजी झाला, त्याने मात्र गादी केवळ पुरुषांसाठी राखली. जी गादी एका स्त्रीच्या हक्कातून आली होती, तिची दारे त्याच क्षणी पुढच्या सर्व स्त्रियांना बंद झाली.

लुईसे आणि नववा क्रिस्तियान शेजारी शेजारी विसावले आहेत. त्यांच्या समाधीपाशी शोक, स्मृती आणि प्रेम यांच्या तीन संगमरवरी स्त्रीमूर्ती आहेत. कोपनहेगनच्या किनाऱ्यावरची प्रसिद्ध जलपरी ज्याने घडवली त्या एडवर्ड एरिक्सनचेच हे काम. या दांपत्याचा संसार सुरुवातीला अगदी साधा होता. पुढे क्रिस्तियानला 'युरोपचा सासरा' म्हणू लागले. एक मुलगी इंग्लंडची राणी झाली, दुसरी रशियाची सम्राज्ञी, एक मुलगा ग्रीसचा राजा, थोरला डेन्मार्कचा. आणि १९०५ मध्ये नॉर्वेच्या जनतेने मतदान करून याच घराण्यातल्या नातवाला राजा केले. रशियाची सम्राज्ञी झालेली डाग्मार क्रांतीनंतर माहेरी परतली आणि १९२८ मध्ये येथेच विसावली. २००६ मध्ये तिला सेंट पीटर्सबर्गला, पतीच्या शेजारी नेण्यात आले. माहेर आणि सासर यांतला प्रवास मृत्यूनंतरही संपला नाही.

कॅथेड्रलमधून बाहेर आल्यावर हिरवळीवर विटांची एक अष्टकोनी जागा आहे, छत नसलेली. नववा फ्रेडरिक आणि राणी इंग्रिड तिथे उघड्या आकाशाखाली आहेत. हा राजा १९४७ मध्ये गादीवर आला. त्याला तीन मुली : मार्ग्रेथ, बेनेडिक्टे आणि अॅन-मारी. मुलगा नाही. १८५३ च्या कायद्याप्रमाणे वारस ठरला त्याचा धाकटा भाऊ क्नूड, आणि त्याच्यानंतर क्नूडचे मुलगे. आपल्या ओळखीचेच चित्र आहे हे! मुली आहेत, पण 'मागे कोणी नाही', असे म्हणायची रीत आपल्याकडेही होतीच.

मात्र डेन्मार्कमध्ये स्त्रियांना १९१५ पासून मताधिकार होता, आणि युद्धानंतर हवा बदलली होती. १९५३ मध्ये नवी राज्यघटना आणि नवा वारसा कायदा जनतेपुढे एकत्र ठेवण्यात आला. अट कठीण होती : मतदान करणाऱ्यांपैकी नव्हे, तर एकूण मतदारांपैकी ४५ टक्क्यांनी होकार द्यायला हवा. १९३९ मधली घटनादुरुस्ती याच अटीवर अगदी थोडक्यात फसली होती. या वेळी होकार मिळाला ४५.७६ टक्के. तेरा वर्षांची मार्ग्रेथ गादीची वारस झाली आणि काका क्नूड एका दिवसात पहिल्या क्रमांकावरून चौथ्यावर गेला. त्याच्या बाजूने पाहिले तर तोही अन्यायच वाटला असेल. जुन्या नियमावर ज्याने आयुष्याची आखणी केली, त्याला नवा नियम बोचतोच.

तरी तो अर्धाच न्याय होता. भाऊ नसेल तर बहीण, एवढेच १९५३ ने दिले. १९७२ च्या जानेवारीत वडील गेल्यावर मार्ग्रेथ राणी झाली आणि तिने स्वतःला 'दुसरी' म्हणवले. वेदीमागच्या त्या घरधनी स्त्रीला जिवंतपणी जे पद कोणी दिले नव्हते, ते पहिलेपण तिला साडेपाचशे वर्षांनी असे मिळाले. दोन वेगवेगळ्या निवडणुकांतून आलेल्या संसदांनी संमती दिल्यावर ७ जून २००९ रोजी पुन्हा जनमत घेण्यात आले : पहिले अपत्य, मग ते मुलगा असो वा मुलगी, गादीचे वारस असावे का? मतदान करणाऱ्यांपैकी ८५ टक्क्यांहून अधिक लोकांनी 'हो' म्हटले. त्यावेळी कोणाचेच स्थान बदलणार नव्हते, कारण थोरला मुलगाच होता. शेजारच्या स्वीडनने १९८० मध्ये हाच नियम केला तेव्हा तान्ह्या राजपुत्राचे स्थान जाऊन ते थोरल्या बहिणीला मिळाले होते. डेन्मार्कच्या लोकांनी अजून न आलेल्या मुलींसाठी आधीच दार उघडून ठेवले.

१४ जानेवारी २०२४ रोजी, बरोबर बावन्न वर्षांनी, मार्ग्रेथ राणीने स्वेच्छेने गादी सोडली. याआधी डेन्मार्कच्या राजाने आपणहून पद सोडले होते ते ११४६ मध्ये. राज्याभिषेक झाला नाही; मंत्रिमंडळाच्या बैठकीत तिने सही केली, पंतप्रधानांनी सज्जातून घोषणा केली आणि दहावा फ्रेडरिक राजा झाला. आता त्याच्यामागे क्रिस्तियान, इसाबेला, मग जुळे व्हिन्सेंट आणि जोसेफिने, अशी ओळ आहे. जुळ्यांतला भाऊ पुढे आहे तो मुलगा म्हणून नव्हे, सव्वीस मिनिटे आधी जन्मला म्हणून.

मार्ग्रेथ राणीची समाधी कॅथेड्रलमधल्या एका चॅपेलमध्ये आधीच तयार आहे. ब्यॉर्न नॉरगोर या कलावंताने ती काचेची घडवली आहे. तिचे पती हेन्रिक यांनी मात्र तिथे विसावायला नकार दिला. राजाच्या पत्नीला राणी म्हणतात, तर राणीच्या पतीला राजा का नाही, हा त्यांचा सवाल आयुष्यभर राहिला. २०१८ मध्ये ते गेले. अर्धी रक्षा डेन्मार्कच्या समुद्रात आणि अर्धी फ्रेडेन्सबोर्गच्या बागेत गेली. नियम बदलले तरी सगळ्यांची मने जुळतातच असे नाही.

हिरवळीच्या कडेला बाकावर बसून आम्ही डबा उघडला. समोर दूरवर फ्योर्डचे पाणी चमकत होते. मी पर्समधले पाकीट काढून लेकीच्या हातात दिले. तिने ते वाचले आणि सहजपणे म्हणाली, "दादासाठी ना? करते की सही. उद्याची वेळ घेऊ या दूतावासात." तिच्या आवाजात राग नव्हता. तीस वर्षांपूर्वी माझ्याही आवाजात नव्हता. तेव्हा माझ्या वडिलांच्या मिळकतीत १९५६ च्या कायद्याने माझा वाटा होता. वडिलोपार्जितात महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि सबंध देशाने २००५ मध्ये मुलींना मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क दिला. कायदा आपल्या समाजालाही लागू आहे. पण मला कोणी विचारले नव्हते. कागद पुढे आला, बोट ठेवून जागा दाखवली, मी सही केली. विचारले असते तरी मी कदाचित हेच केले असते. पण ते देणे झाले असते. जे झाले ते नुसते काढून घेणे होते, आणि ते करणाऱ्यांनाही ते कळले नव्हते.

सकाळपासून मी हजार वर्षांचे वारस पाहिले होते. त्यांतला एकही केवळ निसर्गनियमाने आलेला नव्हता. कोणी निवडला, कोणी दत्तक घेतला, कोणी करारातून आला, कोणी जनमतातून. 'हे असेच चालत आले आहे' हे वाक्य त्या कॅथेड्रलमध्ये कुठेच खरे ठरत नाही. दरवेळी काही माणसे बसली आणि त्यांनी ठरवले. बदलत गेले ते एवढेच, की विचारले कोणाला.

मी पाकीट परत घेतले. म्हटले, "आत्ता नको. आधी तू, दादा आणि मी, तिघे बसू. दुकान दादाच चालवतो, त्याचे कष्ट आहेत, तेही मोजू. मग तुला सोडायचे असेल तर सोड. पण तुझे काय आहे ते तुला आधी सांगायला हवे होते, ते मी सांगितले नाही." ती काही वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "बाबांची गादीवरची ती लाकडी पेटी मला हवी आहे, आई. हिशेबाची." मला ते कधीच ठाऊक नव्हते.

कॅथेड्रलच्या आत तास झाला असावा; शाळेतली मुले पुन्हा हसल्याचा आवाज बाहेरपर्यंत आला. संध्याकाळच्या गाडीने आम्ही परतलो. ऑगस्टमध्ये ती सांगलीला आली तेव्हा आम्ही तिघे दुकानाच्या गादीवर दोन दुपारी बसलो. काय ठरले ते आमच्या घरातले आहे. मात्र नव्या कागदावर तीन सह्या आहेत, आणि प्रत्येकाने तो आधी शेवटपर्यंत वाचला आहे.